राबाच्या दिवसांतला लॅपटॉप

सकाळी मागचं दार उघडलं तर आधी धूर आत आला. वरच्या वाडीत कुणीतरी राब भाजायला घेतला होता. ऐनाचा पाला, शेण आणि सुकं गवत एकत्र जळताना जो वास येतो, तो शहरातल्या माणसाला सांगून कळायचा नाही आणि आमच्याकडच्या माणसाला सांगावा लागत नाही. दोरीवरचे कपडे भराभर काढून आत आणले, नाहीतर आठवडाभर साडीला तोच वास. कपडे काढता काढता म्हटलं, अगो बाई, आला की फाल्गुन!

गेल्याच आठवड्यात मुरबाडला आम्हा निवृत्त शिक्षकांची बैठक होती. इतिवृत्त लिहायचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात. मी माझा लॅपटॉप उघडला तर शेजारचे गुरुजी वाकून वाकून बघायला लागले. "बाई, हे काय वेगळंच दिसतंय तुमचं?" मी म्हटलं, विंडोज नाही, लिनक्स आहे. "का बरं? फुकट मिळतं म्हणून?" हो म्हटलं. "व्हायरस येत नाय म्हणतात, खरं का?" त्यालाही हो म्हटलं. मला साडेपाचची एसटी गाठायची होती. खरं कारण सांगायला बसले असते तर ती गेली असती आणि तिच्यामागचीही गेली असती. संगणकातलं मला फारसं कळत नाही. माझी कारणं घरातली आहेत, आणि ती सगळी चार वर्षांपूर्वीच्या एका राबाच्या हंगामातली आहेत.

आमचं गाव टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यापासून थोडं आत. त्या दिवसांत समोरचा डोंगर धुरकट असतो. ऐनाची झाडं छाटून बोडकी झालेली असतात, काटेसावरीला लाल फुलं आणि खाली एकही पान नाही, आणि दुपारी अकरानंतर अंगणात अनवाणी पाय टाकवत नाही. भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं, ती जमीन आधी भाजून घ्यायची, याला आमच्याकडे राब म्हणतात. पानांसकट छाटलेल्या फांद्या म्हणजे कवळं. खाली शेण, त्यावर सुकलेली कवळं, त्यावर पाचोळा आणि गवत, आणि सगळ्यावर माती भुरभुरवायची. मग पेटवायचं. पण आग वाऱ्याच्या उलट चालली पाहिजे. उलट चालली की ती सावकाश चालते, माती खोलवर भाजते, तणाचं बी मरतं. वाऱ्याबरोबर धावली तर वरचा पाला भुर्रकन जळून जातो आणि खालची माती कच्चीच राहते. हे मला लहानपणापासून माहीत. मी शहापूरकडची, आमच्याकडेही राब भाजतात. शिवाय बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, दर वर्षी पोरांना फळ्यावर बाण काढून समजावलं. तरी जे व्हायचं ते माझ्याच हातून झालं.

आमच्या घरची एक रीत आहे. राबाला काडी लावण्याआधी घरचा कर्ता पुरुष खाचराच्या बांधावर उभा राहतो, मूठभर सुकी माती उचलतो आणि छातीच्या उंचीवरून हळूच सोडतो. माती कुठे वाहते ते बघतो आणि मग 'लाव' म्हणतो. माझे सासरे असं करायचे, त्यांच्यानंतर हे करायला लागले. हे म्हणजे माझे मिस्टर. गावात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर त्यांनी सव्वीस वर्षं सांभाळलं. डोळे मिटून हात घातला तरी हवा तोच बोल्ट हातात यायचा, असं त्यांच्याबरोबरचे लोक सांगतात. घरातही तेच. कोयता त्याच खुंटीवर, टॉर्च त्याच कोनाड्यात, चष्म्याची डबी उशीच्या डाव्या अंगाला. मी वस्तू हलवली की आमचं भांडण ठरलेलं. "अगो, जागा असते प्रत्येकाला," असं म्हणायचे. मी म्हणायचे, मग माझी जागा कुठली ते पण लिहून ठेवा एकदा. ते हसायचे.

त्या हंगामाच्या आदल्या वर्षी पौषात म्हशाच्या जत्रेहून घोंगडी घेऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागलं. उजवा हात गेला, उजवा पाय ओढायला लागला, आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, शब्द डोक्यात आहेत तसेच आहेत, फक्त जीभ वळत नाही. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. किती वेडी मी! आत सगळं धड आहे आणि बाहेर निघत नाही, याच्यासारखी शिक्षा नाही. घशातून 'ह... ह...' असा आवाज निघायचा, आणि मी लगेच धावायचे. पाणी हवं? पंखा लावू? पाय चेपू? शाळेत पोरगं अडखळलं की मी त्याचं वाक्य पुरं करून द्यायचे, ती सवय हाडात मुरलेली. पाहुणे आले, "अण्णा, कसं काय?" असं त्यांना विचारलं, की उत्तर माझ्या तोंडून. बरं आहे, जेवण जातंय, झोप लागते. हे माझ्याकडे बघत राहायचे. मला वाटायचं, किती कौतुकाने बघतात.

त्या वर्षीचा राब आमच्याकडे कामाला येणाऱ्या धर्माने एकट्याने उरकला. मी सांगतेय ते पुढच्या वर्षीचं. तोवर मुलीने तिचा जुना लॅपटॉप आणून दिला होता. डाव्या हाताच्या एका बोटाने हे टाइप करायला शिकले. अक्षरं मोठ्ठी करून ठेवली होती, पिवळ्यावर काळी, आणि पडद्यावर दोनच चिन्हं. त्यांनी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मी ओट्यापासून धावत आले. 'मीठ कमी' एवढंच होतं. मी पदराने डोळे पुसले आणि मग मीठ आणलं. महिनाभरात 'चष्मा', 'खिडकी उघड', 'म्हशीला कोण बघतो' इथपर्यंत गाडी आली. सावकाश, पण त्यांचं ते. मी सगळ्या गावात सांगत फिरले, अण्णा बोलायला लागले म्हणून.

राबाचा दिवस ठरला. सकाळी साडेसातला धर्मा आणि त्याची बायको सखू आले. माती भुरभुरवून खाचर तयार होतं. आम्ही यांना खुर्चीत बसवून बांधापर्यंत नेलं. सगळ्यांच्या देखत अण्णांनी 'लाव' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि सगळ्यांनी तो वाचावा, असं माझ्या मनात होतं. म्हणून मी लॅपटॉपही घेतला, आणि मोबाइलवरून नेटही जोडून दिलं, मुलीला व्हिडिओवर दाखवायचं होतं ना. लॅपटॉप उघडला. पडदा निळा झाला आणि एक चक्र फिरायला लागलं. अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका. चार टक्के.

थांबलो. नऊ टक्के. यांनी वाकून डाव्या हाताने बांधावरची माती उचलली आणि खुर्चीतूनच सोडली. मी म्हटलं, "अहो, हात माखवू नका, मग कळा चिकट होतात," आणि पदराने त्यांचा हात पुसून दिला. धर्मा काडेपेटी घेऊन उभा. "बाई, लावू का? वारा फिरंल." मी म्हटलं, "थांब रे, अण्णा लिहून देतील. इतकी कसली घाई?" सखू म्हणाली, "डब्बा उघडत नाय त तवर आमी काय कराचा?" मी तिलाही गप्प केलं. सतरा टक्के. यांनी पुन्हा 'ह... ह...' केलं. ऊन लागत असेल म्हणून मी छत्री उघडून धरली.

लॅपटॉप सुरू झाला तेव्हा नऊ वाजून गेले होते. पडदा पार निराळा. अक्षरं मुंगीएवढी. यांची ती दोन चिन्हं कुठे गेली पत्ता नाही, त्यांच्या जागी बातम्या आणि कसलीकसली चित्रं. मराठी कळफलकही गायब. यांचं बोट पडद्यासमोर हवेत थांबलं. नेहमीच्या कोपऱ्यात त्यांनी दोनदा दाबून पाहिलं, तिथे काहीतरी भलतंच उघडलं. मग त्यांनी झाकण मिटलं. जोरात नाही, हळूच. मीच चिडून म्हटलं, "लाव रे धर्मा!" धर्माने उभा होता त्याच टोकाला लावलं. पण तोवर वारा घाटाकडून यायला लागला होता. दहा मिनिटांत आग या टोकाची त्या टोकाला पळाली. सखूने काठीने राख उकरून पाहिली, खाली माती थंड होती. "कच्चा रायला," म्हणाली. पुढे पावसात त्या खाचरात रोपापेक्षा तणच जास्त उगवलं, पण ते नंतरचं.

मी मनसोक्त शिव्या दिल्या त्या मेल्या लॅपटॉपला. कुणी सांगितलं होतं त्याला मध्येच शहाणपणा करायला? माझ्या घरात येऊन, न विचारता सगळं सामान हलवून ठेवायचं आणि वर 'नवीन रूप कसं वाटलं' म्हणून विचारायचं! मुलीने फोनवरून मला सगळं परत लावायला शिकवलं, मी लावलंही, पण यांनी झाकण उघडायला नकार दिला. तोंड भिंतीकडे. आठ दिवस गेले, पंधरा गेले. घशातला आवाजसुद्धा बंद. मी दुप्पट बोलायला लागले, घर रिकामं वाटू नये म्हणून. खरं सांगते, मला त्या दिवसांत भीती वाटत होती. झटका आला तेव्हा वाटली नव्हती इतकी. तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं, आता बोलायचंच नव्हतं.

वसुधा माझी डीएडची मैत्रीण. शहापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्या शाळेत देणगीत आलेले, कुणालाच नको असलेले संगणक होते, आणि त्यांच्यावर लिनक्स घालून ती ते वर्षानुवर्षं चालवत होती. मी फोनवर रडले तशी ती रविवारी किन्हवलीच्या एसटीने, मग एक बदलून, मग टमटमने घामाघूम होऊन आली. पर्समधून पेनड्राइव्ह काढला. मी म्हटलं, "घाल बाई लवकर काय ते." तर ती माझ्याकडे बघेचना. खुर्ची ओढून यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "दादा, यातलं काही पुसायच्या आधी नुसतं चालवून दाखवते. आवडलं तर ठेवू. नाहीतर मी पेनड्राइव्ह काढून घेते, तुमचं आहे तसं राहील. चालेल?"

यांनी मान वळवली. भिंतीकडून तिच्याकडे. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

सगळी दुपार ती विचारत होती. हे चिन्ह हवं? नको? मग काढू? कुठे ठेवू? यांनी डाव्या हाताचं बोट पडद्यावर टेकवायचं, तिने तिथे ठेवायचं. जरा खाली? तिथे. तारीख हवी? नको. घड्याळ हवं, पण मोठं. अपडेट स्वतःहून करू दे की तुम्हाला विचारून? यांनी बोट असं काही आपटलं 'विचारून'वर की मला हसू आलं. मराठीच्या कळफलकावर काना-मात्रा डावीकडे आणि बहुतेक सगळी व्यंजनं उजवीकडे. डाव्या हाताच्या माणसाने दर अक्षराला इकडून तिकडे जायचं. वसुधा म्हणाली, कुठल्या कळेवर कुठलं अक्षर हे एका साध्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, ते बदलता येतं. यांच्या डोळ्यांत स्टोअरकीपर जागा झाला. त, न, र, ल, क डाव्या हाताशी. ज्ञ, ढ, ऋ लांब, रोज लागत नाहीत. शिफ्ट धरून ठेवायला दुसरा हात नाही, म्हणून ते एकदा दाबून सोडलं तरी पुढच्या अक्षराला लागेल असं केलं. मी वहीचे चौकोन कापून, त्यावर अक्षरं लिहून कळांवर चिकटवली. काम करायला मिळालं म्हणून मी गप्प होते.

वसुधाने लिहिलेलं बोलून दाखवणारा आवाजही लावून पाहिला. एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखा तो कोरडा आवाज निघाला आणि यांनी लगेच मान हलवली. नको. तिने विचारलं, "नक्की?" तर त्यांनी नव्या कळांवर शोधून शोधून लिहिलं, 'माझा नाय तो.' तिने काढून टाकला. मी मध्ये बोलणार होते की असू दे की, मला ओट्यापाशी ऐकू येईल. वसुधाने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

पुढे मी माझ्यासाठी लॅपटॉप घेतला, त्यातही वसुधाकडून तेच घालून घेतलं. आता तोटेही सांगते, उगीच गोडवे गायला मी काही विकायला बसले नाही. आमचा प्रिंटर महिनाभर रुसला होता. एका फॉर्मच्या वेबसाइटने तर दारातूनच परत पाठवलं, मला सायबर कॅफेत जावं लागलं. नातू येतो तेव्हा त्याचे गेम यात चालत नाहीत म्हणून नाक मुरडतो. पण चार वर्षं झाली, यांची ती चिन्हं जिथे ठेवली तिथेच आहेत. कधीमधी खाली एक छोटीशी सूचना येते, नवीन काही आलंय, घालू का? हे बघतात. मनात असेल तर हो, नसेल तर राहू देतात, आणि ती बिचारी राहते. माणसाच्या हातून आधीच किती काय सुटलेलं असतं, उरलेलं तरी त्याला विचारून हलवावं. मला तेवढंच पुरे आहे.

पण त्या हंगामाचं अजून एक राहिलं. बैठकीतल्या गुरुजींना सांगता आलं नसतं, ते हेच.

वसुधा गेली, त्यानंतर चार-पाच दिवसांनी. सकाळची वेळ, मी अंगणात करवंदं निवडत बसले होते आणि हे ओट्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन. मी लॅपटॉपवालीच रेकॉर्ड लावली होती. त्या दिवशी त्या मेल्याने अपडेट काढलं नसतं तर राब बिघडला नसता, धर्मा काय म्हणत असेल, सखू कशी बोलली. यांनी डावा हात वर केला, वर्गात पोरं करतात तसा. मी म्हटलं, "काय, ऊन आलं? खुर्ची सरकवू?" त्यांनी हात तसाच वर ठेवला. मी म्हटलं, "आत जायचंय?" हात खाली येईना. शेवटी मी थांबले. मग ते टाइप करायला लागले. एकेक अक्षर. मला पुढचा शब्द दिसत होता, जिभेवर येत होता, मी ओठ मिटून धरले. करवंदांचा चीक बोटांना चिकटला होता, तो पुसायलाही उठले नाही. सात-आठ मिनिटं गेली असतील. मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

'लॅपटॉपचा दोष नाय. मी माती सोडून दाखवली. धर्माला कळली. सखूला कळली. तू हात पुसलास.'

मी ते दोनदा वाचलं. त्या सकाळचं सगळं डोळ्यांपुढे आलं. धर्मा का विचारत होता लावू का म्हणून, सखू का वैतागली होती. अण्णांनी 'लाव' सांगून झालं होतं. त्यांच्या बापाने सांगितलं असतं तसंच, हाताने, वेळेवर. तिथे उभ्या असलेल्यांपैकी फक्त मला ते बोलणं वाटलं नाही, कारण ते त्या लॅपटॉपवर उमटलं नव्हतं. मी वर्षभर त्यांच्या तोंडचं वाक्य पुरं करत आले आणि त्यांनी पुरं केलेलं वाक्य मी पदराने पुसून टाकलं. मला इतकं रडू आलं, की वाटीतली करवंदं सांडली ती तशीच राहिली. "चुकलं हो माझं," म्हटलं. "कशी हो चुकले मी! आणि तुम्ही पण, इतके दिवस..." आणि मी पुन्हा सुरू झाले, मला काय वाटलं, माझा हेतू काय होता, मुलीला दाखवायचं होतं, सगळं.

त्यांचा हात पुन्हा वर गेला. मी गप्प झाले.

त्यांनी स्क्रीन स्वतःकडे फिरवून घेतली. मी या वेळी वाकून बघितलं नाही. रस्त्याने वैशाखऱ्याची एसटी गेली, कोंबड्या येऊन सांडलेली करवंदं टोचायला लागल्या, मी त्यांनाही हाकललं नाही. ते लिहीत होते, खोडत होते, पुन्हा लिहीत होते. त्यांना केवढं तरी सांगायचं होतं आणि ते एका बोटातून यायचं होतं. ते लिहिलेलं मी इथे सांगणार नाही, ते त्यांचं आहे. सव्वा वर्षाचं होतं. त्यांनी स्क्रीन वळवली आणि मी वाचत गेले. दवाखान्यातलं होतं, भिंतीकडे तोंड केलेल्या पंधरा दिवसांतलं होतं, माझ्याबद्दलचं होतं, आणि मला वाटलं होतं तसं त्यातलं काहीच नव्हतं. सगळं वाचून होईपर्यंत ते माझ्या चेहऱ्याकडे बघत बसले होते. अगदी खाली, एक ओळ सोडून, त्यांनी लिहिलं होतं, 'आता तू बोल.'

बत्तीस वर्षं वर्ग गाजवलेली बाई मी, बोलण्याआधी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला.